पहिलें आसन

पांच-सहा वर्षांपूर्वींची गोष्ट आहे. वरच्या वर्गाची परीक्षा जवळ आली होती व त्या वर्गाचें गणित माझ्याकडे होतें. अभ्यासक्रम पुरा झाला होता, परंतु उजळणी मनासारखी झाली नव्हती. आणि निकाल उत्तम लागावा अशी उत्कंठा मुलांपेक्षां मलाच अधिक लागून राहिली होती. म्हणून मीं असें ठरविलें, कीं दर रविवारीं सकाळीं आठपासून दहापर्यंत एक जादा वर्ग भरवावा. आमच्या मंदिरांतील उपासना नऊ वाजतां सुरू होते, हें मला ठाऊक नव्हतें असें नाहीं. पण मीं मनाशीं म्हटलें, विद्यादान हीहि देवाचीच सेवा आहे. सहा आठवड्यांचाच तर प्रश्न आहे. आणि देव कांहीं आपल्या सेवकांची हजेरी मांडीत बसत नाहीं. कारणें इतकीं चांगलीं होतीं, कीं त्यांविषयीं शंका यावी असें त्यांत कांहींच नव्हतें.

तिसऱ्या रविवारीं एक मुलगा वर्गाला आला नाहीं. सोमवारीं मीं त्याला उभें करून कारण विचारलें. तो म्हणाला, "सर, काल एकादशी होती. आजोबांना डोळ्यांनीं दिसत नाहीं. त्यांना विठोबाच्या देवळांत मीच नेतों." मीं म्हटलें, "परीक्षा तोंडावर आली आहे. एखाद्या एकादशीला दुसऱ्या कोणी नेलें असतें तर चाललें नसतें का?" मुलगा क्षणभर गप्प राहिला, आणि मग अगदीं निष्कपटपणें म्हणाला, "बाबाहि तसेंच म्हणाले, सर. पण आजोबा म्हणाले, तुझे सर देवभक्त आहेत. देवाचा दिवस म्हणजे काय तें त्यांना समजावून सांगावें लागणार नाहीं."

वर्गांत कोणीहि हंसलें नाहीं. मीं त्याला बसावयास सांगितलें व फळ्याकडे वळलों. खडू हातांत होता, परंतु काय लिहावयाचें तें मला बराच वेळ सुचेना.

कर्मेल डोंगरावर एलीया संदेष्ट्यानें इस्राएल लोकांना असाच एक प्रश्न केला होता. ते लोक परमेश्वराला सोडीत नव्हते आणि बआल दैवतालाहि सोडीत नव्हते. दोन्ही डगरींवर पाय ठेवून चालले होते. असें आणखी किती दिवस चालणार, असें त्यानें विचारलें, तेव्हां त्या एवढ्या मोठ्या समुदायांतून एकहि शब्द उमटला नाहीं, असें शास्त्रांत लिहिलें आहे. लहानपणापासून ती गोष्ट मीं कितीदां तरी वाचली होती व मुलांना शिकविलीहि होती. त्या लोकांच्या मौनाचा अर्थ मात्र मला त्या सोमवारीं फळ्यासमोर उभा असतांना कळला.

तेव्हांपासून या विषयावर जें कांहीं मनांत येत गेलें, तें आमच्या विद्यार्थ्यांपुढें व त्यांच्या मातापितरांपुढें ठेवावें, एवढाच या लेखाचा उद्देश आहे.

प्रथम एक गैरसमज दूर केला पाहिजे. मनुष्याचीं कर्तव्यें अनेक असतात, म्हणून त्याची निष्ठा विभागलेली असते, असें नाहीं. एकच मुलगा आईबापांचा पुत्र असतो, शाळेचा विद्यार्थी असतो, मित्रांचा मित्र असतो, संघांतील खेळाडू असतो व देशाचा नागरिकहि असतो. ह्या सर्व नात्यांचा देवाशीं कांहीं तंटा नाहीं. किंबहुना तीं नातीं त्यानेंच दिलेलीं आहेत. घरांत दहा माणसें राहतात म्हणून घर दुभंगत नाहीं. घराचा कर्ता कोण याविषयीं संशय उत्पन्न झाला म्हणजे तें दुभंगतें. प्रभु येशूनें डोंगरावरील प्रवचनांत एका नोकराचा व दोन धन्यांचा दाखला दिला आहे. त्यांत विशेष हें, कीं दोन धन्यांची चाकरी अवघड आहे असें तो म्हणत नाहीं. ती होतच नाहीं असें तो म्हणतो. गीतेच्या तेराव्या अध्यायांत ज्ञानाचीं लक्षणें सांगतांना भक्तीला 'अव्यभिचारिणी' असें जें विशेषण लाविलें आहे, त्यांतहि हीच जाणीव दिसून येते. जी दुसरीकडे ढळत नाहीं तीच भक्ति, ही गोष्ट कोणत्याहि धर्माच्या श्रद्धाळू मनुष्याला नवी नाहीं. मग ती आपल्या हातून कां सुटते?

माझ्या मतें तिचें कारण हें, कीं दुसरी निष्ठा शत्रूच्या वेषानें येत नाहीं. देवाला सोड, असें ती कधींहि म्हणत नाहीं. ती फक्त म्हणते, "मला थोडी जागा दे, देव थांबेल." आणि बहुधा ती स्वतः चांगलीच असते. वाईट गोष्टीला आपण दारांतच ओळखतों. पण अभ्यास, नांवलौकिक, कुटुंबाची प्रतिष्ठा, मित्रांचा लोभ, हीं सभ्य पाहुण्यांसारखीं येतात, नम्रपणें कोपऱ्यांत बसतात, आणि हळूहळू केव्हां पहिल्या आसनावर जाऊन बसतात तें घरधन्याला कळतहि नाहीं.

शलमोन राजाचें चरित्र या दृष्टीनें पुनःपुन्हा वाचण्यासारखें आहे. तरुणपणीं गिबोन येथें, काय हवें तें माग, असें देवानें त्याला सांगितलें असतां त्यानें संपत्ति मागितली नाहीं, दीर्घायुष्य मागितलें नाहीं. प्रजेचा न्याय करण्यासाठीं समजूतदार अंतःकरण मागितलें. असा आरंभ थोड्यांच राजांच्या चरित्रांत सांपडेल. यरुशलेमेंतलें भव्य मंदिर त्यानेंच बांधलें. परंतु शास्त्र लिहिणारानें तेथें दोन आंकडे कांहीं टीका न करतां शेजारीं शेजारीं ठेवून दिले आहेत: परमेश्वराचें मंदिर बांधावयास ७ वर्षें लागलीं आणि राजाचा स्वतःचा वाडा बांधावयास १३. वाडा बांधणें हें पाप नव्हे. पण हे आंकडे वाचतांना मनुष्य थांबतो. पुढें शेजारच्या राजांशीं सलोखा राहावा म्हणून त्यांच्या कन्यांशीं विवाह झाले; राजकारणाच्या दृष्टीनें तेंहि शहाणपणाचेंच होतें. मग त्यांच्या समाधानासाठीं यरुशलेमेसमोरच्या टेकडीवर कमोश व मोलख यांचीं उच्चस्थानें उभीं राहिलीं. शलमोनानें मंदिराला कुलूप घातलें नाहीं. तेथील होमबलि चालूच होते. शास्त्राचा ठपका एवढाच, कीं त्याचें अंतःकरण पूर्णपणें परमेश्वराकडे राहिलें नाहीं. त्याच्या बापाच्या, दावीदाच्या, हातून याहून भयंकर अपराध घडले होते. पण दावीद पडला कीं कोणापुढें पडला तें जाणत होता, आणि रडत त्याच्याचकडे परत येत होता. शलमोन पडला नाहीं. तो सरकत गेला. जो पडतो त्याला ठेंच लागते. सरकणाराला कांहींच कळत नाहीं. त्याच्या मरणानंतर राज्याचे दोन तुकडे झाले व दहा वंश निघून गेले. मनाची फूट आधीं झाली होती. राज्याची मागाहून झाली.

विभागलेल्या निष्ठेनें भक्ति एकाएकीं मरत नाहीं, ती क्षीण होत जाते, तें कसें, हें आपल्याकडील कोणत्याहि मळ्यांत पाहावयास मिळेल. दारें धरणारा शेतकरी एका वाफ्याला पाणी सोडतांना दुसऱ्या वाफ्यांचीं तोंडें मातीनें बंद करतो. कोणाला नाराज करूं नये म्हणून त्यानें सर्वच वाफ्यांचीं तोंडें एकदम उघडलीं, तर पाटाला भरपूर पाणी असूनहि एकहि वाफा शेवटपर्यंत भिजत नाहीं. तोंडाशीं तेवढा चिखल होतो व टोंकाचीं रोपें वाळतात. बाहेरून पाहणाराला पाट वाहतांना दिसतो. आपलें तसेंच होतें. प्रार्थना चालू असते, पण घाईची. शास्त्रवाचन चालू असतें, पण लक्ष घड्याळाकडे. आणि पुढें असा एक दिवस येतो, कीं कांहीं विशिष्ट गोष्टींविषयीं देवाला विचारावयाचेंच नाहीं, असें मनानें आंतल्या आंत ठरवून टाकलेलें असतें, कारण उत्तर काय मिळेल तें आधींच ठाऊक असतें.

आतां आपल्याच प्रांतांतील एक उदाहरण घेऊं. इ. स. १८४९ मध्यें मुंबईंत परमहंस सभा नांवाची एक मंडळी स्थापन झाली. ज्यांचें मराठी भाषेचें व्याकरण १८३६ सालीं प्रसिद्ध झालें, ते दादोबा पांडुरंग तर्खडकर तिच्या प्रमुखांपैकीं एक होते. देव एक आहे, सर्व मनुष्यें त्याचीं लेंकरें आहेत व जातिभेद हा ईश्वराचा नियम नव्हे, अशी या मंडळींची मनापासून श्रद्धा होती. सभासद होतांना ख्रिस्ती मनुष्यानें भाजलेला पाव खावा लागे. त्या काळीं हें किती मोठें साहस होतें, याची आज कल्पनाहि येणार नाहीं. पण सभेचा नियम असा, कीं सर्व कांहीं गुप्त ठेवावयाचें. बंद दाराआड एक धर्म आणि घरीं व रस्त्यांत दुसरा. सभासद वाढल्यावर सर्व कांहीं उघड करूं, अशी आशा होती. सुमारें १८६० सालीं सभेचे कागदपत्र चोरीस गेले, सभासदांचीं नांवें उघडकीस येणार अशी भीति पसरली, आणि एवढी विद्वान् मंडळींची सभा पाहतां पाहतां विसकटली.

हें लिहितांना त्या पुरुषांचा अधिक्षेप करण्याचा माझा मुळींच हेतु नाहीं. बहिष्कार म्हणजे त्या वेळीं पाणवठा बंद, मुलींचीं लग्नें बंद, प्रेताला खांदा देणें बंद. त्यांच्या जागीं मी असतों तर काय केलें असतें, हें सांगण्याचा मला धीर नाहीं. ज्याला एका परीक्षेच्या निकालाचा मोह आवरला नाहीं त्यानें तर बोलूंच नये. तथापि त्या गोष्टींतून एक धडा मिळतो तो असा, कीं आपल्या मनांत पहिल्या आसनावर कोण आहे हें शांततेच्या दिवसांत कळत नाहीं. ज्या दिवशीं कागद चोरीस जातात त्या दिवशीं तें कळतें. त्याच सभेंत बाबा पदमनजी नांवाचा एक तरुण होता. मनांत एक आणि आचरणांत दुसरें, या ओढाताणीचा अनुभव त्यानें 'अरुणोदय' या आपल्या आत्मचरित्रांत प्रांजळपणें सांगितला आहे. त्यानें १८५४ सालीं बेळगांव येथें उघडपणें बाप्तिस्मा घेतला व पुढें मराठी गद्याची मोठी सेवा केली. परमहंस सभेच्या विचारांतून पुढें आलेल्या मंडळींनींहि १८६७ सालीं प्रार्थनासमाज स्थापिला, तो उघडपणें, आणि तो टिकला. दोघांचे मार्ग भिन्न झाले. पण प्रकाशांत येण्याचें धैर्य दोघांनींहि दाखविलें.

आमचे खेळाडू विद्यार्थी म्हणतील, कीं हीं सर्व वडीलधाऱ्यांचीं उदाहरणें झालीं. त्यांच्यासाठीं एका धावपटूची गोष्ट सांगतों. एरिक लिडेल हा स्कॉटिश मिशनरी आईबापांचा मुलगा. त्याचा जन्म १९०२ सालीं चीन देशांत टिएन्टसिन येथें झाला. १९२४ च्या पॅरिस येथील ऑलिंपिक सामन्यांत १०० मीटरांची शर्यत तो जिंकील अशी पुष्कळांची अपेक्षा होती. पण त्या शर्यतीच्या पहिल्या फेऱ्या रविवारीं ठेवण्यांत आल्या. रविवार हा प्रभूचा दिवस, त्या दिवशीं आपण धावणार नाहीं, असें त्यानें सांगितलें. वृत्तपत्रांनीं टीका केली; देशाच्या नांवापेक्षां तुझा रविवार मोठा का, असेंहि विचारण्यांत आलें. पुढें १९८१ सालीं त्याच्या जीवनावर निघालेल्या इंग्रजी चित्रपटांत हा प्रसंग पॅरिसला जाणाऱ्या जहाजावर एकाएकीं उद्भवला असें दाखविलें आहे. वस्तुस्थिति तशी नव्हती. वेळापत्रक त्याला कित्येक महिने आधीं समजलें होतें, व त्यानें गाजावाजा न करतां ४०० मीटरांची तयारी सुरू केली होती. मुलांनो, हें लक्षांत ठेवा. निष्ठेचा निर्णय शर्यतीच्या सकाळीं होत नसतो. तो फार आधीं, कोणी पाहत नसतांना झालेला असतो. ११ जुलै रोजीं ४०० मीटरांची अंतिम शर्यत त्यानें ४७.६ सेकंदांत जिंकली व नवा विक्रम केला.

येथपर्यंतची गोष्ट पुष्कळांस ठाऊक असते, आणि देवाला मान दिला म्हणजे सुवर्णपदक मिळतें, असा तिचा अर्थ काढून लोक मोकळे होतात. तो अर्थ खरा नाहीं. देव असे सौदे करीत नाहीं, आणि लिडेलनेंहि केला नव्हता. ४०० मीटरांत तो शेवटचा आला असता तरी त्याचा निर्णय तितकाच योग्य ठरला असता. म्हणून गोष्टीचा उत्तरार्धहि सांगितला पाहिजे. पुढच्याच वर्षीं, कीर्ति शिखरावर असतांना, तो चीनमध्यें एका विद्यालयांत शिक्षक म्हणून गेला. दुसऱ्या महायुद्धांत जपानी सैन्यानें १९४३ सालीं त्याला इतर परदेशी लोकांबरोबर वेइशेन येथील छावणींत स्थानबद्ध केलें. तेथें आईबापांपासून दुरावलेलीं पुष्कळ मुलें होतीं. त्यांना शिकविणें, त्यांचे खेळ घेणें, हें काम लिडेल करी. रविवारीं मात्र खेळ बंद असत. मुलांना तें मानवेना. एका रविवारीं त्यांनीं आपलेआपण हॉकीचा सामना मांडला, आणि पंच नसल्यामुळें त्याचा शेवट मारामारींत झाला. नंतरच्या रविवारीं मैदानावर पंच म्हणून स्वतः लिडेल उभा होता, असें त्या छावणींत राहिलेल्यांनीं सांगितलें आहे. जो ऑलिंपिकच्या पदकासाठीं रविवारीं धावला नाहीं, तो कांहीं उदास पोरें भांडूं नयेत म्हणून रविवारीं मैदानावर गेला. २१ फेब्रुवारी १९४५ रोजीं, सुटकेला थोडेच महिने उरले असतां, मेंदूंतील गांठीच्या विकारानें तो त्याच छावणींत वारला.

त्याची निष्ठा ढिली झाली होती काय? मला तर उलट वाटतें. त्याची निष्ठा रविवारच्या नियमावर नव्हती. त्या दिवसाच्या धन्यावर होती. नियम हा फार चांगला सेवक आहे. पण देवापेक्षां नियमाचाच अभिमान वाढला, तर तोहि दुसरा धनी होऊन बसतो. मंदिर, मिशन, शाळा, धर्मसेवा ह्या गोष्टींचेंहि तसेंच आहे. देवाच्या कामाची आवड आणि देवाची आवड या दोन गोष्टी दिसावयास जुळ्या बहिणींसारख्या असल्या, तरी एक नाहींत.

आणि येथेंच मला माझी स्वतःची चूक नीट दिसूं लागली. लिडेलनें रविवार दिला, आणि मींहि दिला. मग फरक कोणता? त्यानें आपला रविवार मुलांच्या गरजेसाठीं दिला. मीं मुलांचा रविवार माझ्या निकालासाठीं घेतला, आणि वर देवाचें नांव घातलें. प्रश्न वाराचा नव्हताच. प्रश्न होता तो हा, कीं हें कोणासाठीं चाललें आहे?

कोणी म्हणेल, देवाला पहिलें आसन दिलें म्हणजे घरच्यांचें प्रेम उणें करावें लागतें काय? याचें उत्तर रेव्हरंड नारायण वामन टिळक व लक्ष्मीबाई यांच्या चरित्रांत आहे. टिळकांनीं १८९५ सालीं मुंबईंत बाप्तिस्मा घेतला, तेव्हां पति-पत्नींची ताटातूट झाली व ती वर्षानुवर्षें राहिली. त्यांत लक्ष्मीबाईंनीं जें दुःख भोगलें, तें त्यांच्या 'स्मृतिचित्रें' या ग्रंथांत महाराष्ट्रानें वाचलेलें आहे. तें लहान होतें असें कोणीहि म्हणूं नये. परंतु टिळकांचें त्यांच्यावरील प्रेम आटलें नाहीं, आणि त्यांनीं पत्नीच्या मनावर जबरदस्तीहि केली नाहीं. पुढें लक्ष्मीबाई परत आल्या, व १९०० सालीं त्यांनीं बाप्तिस्मा घेतला तो स्वतःच्या विचारानें. टिळकांचें 'ख्रिस्तायन' काव्य अपुरें राहिलें होतें. त्यांच्या पश्चात् तें लक्ष्मीबाईंनींच पुरें केलें. ही गोष्ट मीं आईबापांची अवज्ञा करण्यास आधार म्हणून सांगत नाहीं. आईबापांचा मान राखणें ही देवाचीच आज्ञा आहे. सांगावयाचें तें एवढेंच, कीं ज्याच्या हृदयांत देव पहिला असतो, त्याच्या हृदयांत माणसांना जागा कमी पडत नाहीं. उलट ज्याला आपण पहिल्या आसनावर बसवितों त्या माणसाकडून आपण देवानेंच द्यावयाच्या गोष्टी मागूं लागतों. तो बिचारा त्या देऊं शकत नाहीं, आणि मग आपण त्याच्यावर रागावतों. आपल्या पुत्रांना देव मानणाऱ्या बापांचे पुत्र किती दडपून गेलेले असतात, हें आम्ही शिक्षक रोज पाहतों.

म्हणून पालकांना माझी नम्र विनंति आहे. आपल्या घरांत पहिल्या आसनावर कोण आहे हें मुलें उपदेशावरून ठरवीत नाहींत. तीं आपली लगबग पाहून ठरवितात. सायंप्रार्थनेला अर्धा तास उशीर झालेला चालतो, पण शिकवणीला पांच मिनिटें उशीर झालेला चालत नाहीं, हें मूल पाहतें. खोटें बोललें तर दोन शब्द ऐकावे लागतात, पण गुण कमी पडले तर घरांत सुतक पडल्यासारखें होतें, हेंहि तें पाहतें. मग आपण कोणत्या देवाचें नांव घेतों याला त्याच्या लेखीं फारसें महत्त्व उरत नाहीं. घरांतला खरा देव कोणता तें त्याला समजलेलें असतें.

विद्यार्थ्यांना दोनच सूचना करतों. पहिली ही, कीं ज्या गोष्टीसाठीं तुम्ही देवाजवळ वारंवार सबबी सांगतां, तिच्याकडे नीट पाहा; दुसरा धनी बहुधा तेथेंच बसलेला असतो. आपण सबबी खालच्यापुढें सांगतों व हजेरी वरच्यापुढें लावतों. दुसरी सूचना ही, कीं तो सांपडला म्हणून त्याला घराबाहेर हांकलण्याची नेहमींच गरज नसते. अभ्यास सोडूं नका, खेळ सोडूं नका, मित्र सोडूं नका. त्यांना पहिल्या आसनावरून उठवून त्यांच्या योग्य जागीं बसवा, म्हणजे झालें. सेवक म्हणून अभ्यास फार गुणी आहे. धनी म्हणून तो निर्दय आहे.

माझ्या त्या वर्गाचें पुढें काय झालें, असें कोणी विचारील. दुसऱ्या दिवशीं मीं मुलांना सांगितलें, कीं रविवारचा वर्ग बंद. तो बुधवारीं शाळा सुटल्यावर भरेल. कारणहि सांगितलें. शिक्षकाला मुलांपुढें चूक कबूल करणें जड जातें, तसें मलाहि गेलें. त्या वर्षीं गणिताचा निकाल कसा लागला? दरवर्षीं लागतो तसाच. फार वर नाहीं, फार खालीं नाहीं. ज्या दोन तासांवांचून जग बुडणार असें मला वाटत होतें, त्यांवांचून कांहींहि बुडालें नाहीं.

पुढच्या रविवारीं मंदिरांत जातांना वाटेंत तो मुलगा आजोबांचा हात धरून चाललेला दिसला. त्यानें त्यांच्या कानांत कांहीं सांगितलें. म्हाताऱ्यानें माझ्या दिशेला तोंड वळवून हात जोडले व विचारलें, "देवाकडे निघालांत का, मास्तर?" मीं "हो, आजोबा," म्हटलें, आणि बऱ्याच दिवसांनीं तें उत्तर खरें होतें.

अस्तु. देव आपल्या मोठमोठ्या त्यागांची वाट पाहत बसला आहे, असें मला वाटत नाहीं. आपल्या मनांत त्याची स्वतःची जी जागा आहे, तेवढी त्याला मोकळी करून द्यावी, इतकेंच त्याचें मागणें आहे. ती जागा त्याला देण्याची बुद्धि तो आपणां सर्वांस, लहानांस व थोरांस, देवो.